एका हाताचा मेजर आणि कोलोरॅडोची दरी

१/ २४ मे १८६९. अमेरिकेतील वायोमिंग प्रांतात ग्रीन रिव्हर या रेल्वे-ठाण्याजवळ चार होड्या पाण्यात उतरल्या. दहा माणसे आणि दहा महिन्यांचा शिधा. पुढे ग्रीन नदी कोलोरॅडोला मिळते आणि कोलोरॅडो ग्रँड कॅन्यनच्या खोल दरीत शिरते. तत्कालीन नकाशांवर यातील बराच भाग कोराच होता. मोहिमेचा नेता होता ३५ वर्षांचा मेजर जॉन वेस्ली पॉवेल. त्याच्या अंगरख्याची उजवी बाही रिकामी होती.

२/ हा हात त्याने अमेरिकन यादवी युद्धात गमावला. ६ एप्रिल १८६२ रोजी टेनेसी राज्यातील शायलोच्या रणांगणावर, तोफा डागण्याचा इशारा देण्यासाठी उंचावलेल्या हातात गोळी घुसली. दोन दिवसांनी शस्त्रक्रिया करून हात कापावा लागला. जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील लिस्टरचे लेखन १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच्या काळात अशा जखमेतून जिवंत राहणे हेच मोठे भाग्य होते.

३/ पत्नी एमाच्या शुश्रूषेने तो उभा राहिला आणि पुन्हा सैन्यात रुजू झाला. मूळचा शिक्षक आणि निसर्गाचा अभ्यासक असल्याने, १८६३ मध्ये व्हिक्सबर्गच्या वेढ्यात खंदक खणले जात असतानाही तो मातीतून निघणारे जीवाश्म गोळा करीत होता. जखम मात्र पुरती बरी झाली नाही. उरलेल्या हाताच्या टोकाशी मज्जातंतूंची वेदना ठणकत राहिली आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

४/ युद्धानंतर तो इलिनॉयमध्ये भूशास्त्राचा प्राध्यापक झाला. १८६७ मध्ये एमा आणि विद्यार्थ्यांसह त्याने रॉकी पर्वत गाठला. २३ ऑगस्ट १८६८ रोजी तो सहकाऱ्यांसह लाँग्ज पीकच्या माथ्यावर पोहोचला. १४,००० फुटांहून उंच असलेल्या या शिखरावरील ही पहिली नोंदलेली चढाई होय. नदीच्या मोहिमेची योजना याच काळात आकाराला आली.

५/ एका हाताने वल्ही मारणे शक्य नव्हते. म्हणून ‘एमा डीन’ या सर्वांत पुढच्या, हलक्या होडीत दोन सहकारी वल्हवीत आणि पॉवेल समोरच्या प्रवाहावर नजर ठेवी. खळाळातून होडी न्यायची, दोरांनी काठाकाठाने सोडायची, की सामानासह खांद्यावरून वाहायची, हा निर्णय त्याचा असे. मुक्काम पडला की वायुभारमापक घेऊन तो कड्यांवर चढे आणि उंची मोजी.

६/ जूनमध्ये लोडोर दरीत ‘नो नेम’ ही होडी खडकावर आदळून फुटली. मोठा शिधा वाहून गेला. सुदैवाने त्या होडीतील वायुभारमापके हाती लागली, आणि सोबत व्हिस्कीचे एक पिंपही!

७/ मोहिमेतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग एका कड्यावरचा. पॉवेल अशा जागी अडकला की वरही जाता येईना, खालीही उतरता येईना. जॉर्ज ब्रॅडली वरच्या कपारीत होता. दोर नव्हता. त्याने आपली आतली लांब विजार काढून खाली सोडली. पॉवेलला ती धरण्यासाठी खडकाची पकड सोडावी लागली, कारण धरायला हात एकच होता. त्याने पकड सोडली आणि विजार धरली.

८/ इथे साधनांची चिकित्सा महत्त्वाची ठरते. पॉवेलच्या १८७५ च्या अहवालात हा प्रसंग जूनमध्ये घडतो आणि त्याचे वर्णन थरारक आहे. ब्रॅडलीच्या रोजनिशीत तो जुलैचा आहे आणि अगदी सहज, ओझरता उल्लेखिलेला आहे. पॉवेलने अनेक घटना नंतर स्मरणाने लिहिल्या आणि दुसऱ्या मोहिमेतील काही भाग पहिल्या मोहिमेच्या कथनात मिसळला. प्रसंग खरा, तारीख मात्र जपून स्वीकारावी अशी.

९/ त्याच मोहिमेत त्याचा धाकटा भाऊ वॉल्टरही होता. १८६४ मध्ये शत्रूच्या हाती सापडून तो युद्धकैदेत राहिला आणि मनाने खचून परतला. नदीवर तो उत्तम गात असे. पण त्याचे मन पूर्ववत झाले नाही. त्याच प्रवाहाने दोघा भावांना सारखे बरे केले नाही.

१०/ ऑगस्टअखेर शिधा जवळपास संपला होता. २८ ऑगस्टला एका भीषण खळाळासमोर हौलंड बंधू आणि विल्यम डन यांनी नदी सोडून पठारावर चढण्याचा निर्णय घेतला. तिघेही पुढे मारले गेले. त्यांना कोणी मारले, यावर आजही वाद आहे. उरलेले सहा जण दोन होड्यांतून तो खळाळ पार करून ३० ऑगस्टला व्हर्जिन नदीच्या मुखाशी पोहोचले. मोहीम बुडाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत केव्हाच छापून आल्या होत्या.

११/ १८७१ मध्ये पॉवेल पुन्हा त्याच नदीवर गेला. या वेळी होडीच्या माथ्यावर त्याच्यासाठी एक खुर्ची बांधलेली होती. १८८१ ते १८९४ या काळात तो अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचा संचालक होता. ते पद सोडताना राजकीय विरोध होता, तशीच बत्तीस वर्षांपूर्वीच्या जखमेची बळावलेली वेदनाही होती.

१२/ ‘एका हाताने दरी जिंकणारा वीर’ ही प्रतिमा म्हणूनच अपुरी वाटते. पॉवेलची वेदना कधीच संपली नाही. ती संपण्याची वाट न पाहता त्याने काम सुरू ठेवले आणि जे एका हाताने होत नव्हते, ते इतरांवर सोपवले. एमाची शुश्रूषा, सहकाऱ्यांची वल्ही आणि ब्रॅडलीची विजार वगळून त्याचा इतिहास लिहिता येत नाही.