भाषांचा डिजिटल ठेवा मुक्त सॉफ्टवेअरवर नेताना

नेदरलँड्समधील नायमेखन येथे माक्स प्लांक संस्थेचा 'द लँग्वेज अर्काइव्ह' हा भाषासंग्रह आहे. २००० साली फोक्सवागन फाउंडेशनच्या निधीतून सुरू झालेल्या 'डोबेस' प्रकल्पातली, लोप पावत चाललेल्या भाषांची ध्वनिमुद्रणं इथेच जपली आहेत.

संस्थेचं सॉफ्टवेअर आधी घरचंच होतं. अशा सॉफ्टवेअरची अडचण एकच: लिहिणारा गेला की दुरुस्ती अडते. पुढे हा संग्रह 'फेडोरा' व 'आयलँडोरा' या मुक्त सॉफ्टवेअरवर बेतलेल्या 'फ्लॅट' प्रणालीत नेण्यात आला.

अशा स्थलांतरात चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. फाइल जशीच्या तशी आली का, हे चेकसमने ताडायचं. बोलणारा, गाव, तारीख ही माहिती नव्या साच्यात बसवायची. 'हँडल' हा कायमचा पत्ता मोडू द्यायचा नाही. आणि कुणाला काय ऐकता येईल, ही परवानगी तशीच ठेवायची. नाहीतर विश्वासाने दिलेलं खासगी बोलणं चव्हाट्यावर येतं.

भारतातला 'शोधगंगा' हा प्रबंधसंग्रह 'डीस्पेस' या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो. त्यात मराठी प्रबंधही आहेत. सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी सर्व्हर आणि जाणकार माणसाचा खर्च चुकत नाही. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा; नाहीतर संग्रहात असूनही शोधताना सापडत नाही.