तळटीप : स्पिनोझाचा ईश्वर

बारुख स्पिनोझा (१६३२–१६७७) : मूळ मजकुरात त्याला ‘नास्तिक’ म्हटले आहे. तो शिक्का त्याच्या विरोधकांनी मारलेला आहे, आणि संपादकाला तो मान्य नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने १६५६ साली, तो २३ वर्षांचा असताना, त्याला बहिष्कृत केले. बहिष्कारपत्रात पाखंडाचा आरोप आहे, पण नेमकी मते नोंदलेली नाहीत. ती उलगडतात मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘एथिक्स’मध्ये (१६७७). ईश्वर जगाबाहेर बसून जग चालवत नाही. एकच सत्तत्त्व आहे, त्यालाच ईश्वर म्हणा वा निसर्ग. तो नवसाला पावत नाही, कोपत नाही, चमत्कार करत नाही. त्रिकोणाच्या स्वरूपातूनच त्याच्या कोनांची बेरीज ठरते, तितक्याच अटळपणे सारे काही ईश्वराच्या स्वरूपातून निष्पन्न होते. मराठी वाचकाला इथे अद्वैत आठवेल; मात्र स्पिनोझा जगाला माया मानत नाही, हा भेद पुसू नये. पुढे जर्मन नाटककार लेसिंग स्पिनोझावादी होता असे तत्त्वज्ञ याकोबीने १७८५ मध्ये जाहीर करताच जर्मनीत मोठा वाद पेटला. आइन्स्टाइननेही १९२९ मध्ये आपली श्रद्धा स्पिनोझाच्या ईश्वरावर असल्याचे सांगितले होते. — संपा.