झेबेगेनीची मुलगी आणि माजलगावचा तांडा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आयोजकांपैकी एकांनी विचारलं, की माजलगावात युरोपातल्या जिप्सी बायकांच्या चित्रांवर बोलून काय करायचं? प्रश्न रास्त आहे. सिंदफणेच्या दोन्ही अंगांना तांडे आहेत, दसरा-दिवाळीनंतर ते रिकामे होतात, माणसं कारखान्यांच्या वाटेला लागतात. हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर असताना पॅरिसला कशाला जायचं? आम्ही म्हणालो, जाऊन परत इथंच यायचं आहे.

आधी चित्रांकडे येऊ. फ्रान्समध्ये १८६०-७० च्या दशकांत काही चित्रकार स्टुडिओ सोडून उघड्यावर आले. ऊन, धूळ, रस्ता, कामाला निघालेली माणसं, जे दिसतं ते तिथल्या तिथं रंगवायचं. मराठीत याला आपण दृक्‌प्रत्ययवाद म्हणतो. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. आता रोजचं जगणं रंगवायचं ठरल्यावर रस्त्यानं हिंडणाऱ्या रोमा लोकांची चित्रं यायचीच. पण कशी आली बघा. रेन्वारचं १८६८ चं एक चित्र बर्लिनमध्ये आहे. मोकळे केस, खांद्यावरून उतरलेला ब्लाउज, आणि त्याचं एक नाव ‘बोहेमियन’, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच बोलीत जिप्सी बाई. प्रत्यक्षात ती लीझ त्रेओ, रेन्वारची मैत्रीण. तिचा रोमा लोकांशी काही संबंध नव्हता. केस मोकळे सोडले की झाली जिप्सी!

रुमानियाचा ग्रिगोरेस्कू त्यापेक्षा जवळ गेला. त्याचं ‘गेरगानीची जिप्सी स्त्री’ हे चित्र १८७२ चं. हे साल लक्षात ठेवा. रुमानियाच्या प्रदेशात रोमा माणसं शेकडो वर्षं गुलाम होती, विकली जात होती. ही गुलामी संपली १८५५-५६ मध्ये. म्हणजे त्या चित्रासमोर उभं राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला तो बाजार आठवत असणार. चित्राच्या नावात गावाचं नाव आहे, बाईचं नाही.

आता आपल्या माणसाकडे. अमृता शेरगिल. जन्म बुडापेस्टचा, १९१३ चा. वडील शीख सरदार, आई हंगेरियन. पॅरिसला चित्रकला शिकत असताना सुट्टीत ती हंगेरीत डॅन्यूबकाठच्या झेबेगेनी गावी जायची. तिथं १९३२ साली तिनं एका रोमा मुलीचं चित्र रंगवलं. काटेकोरपणे बोलायचं तर ते दृक्‌प्रत्ययवादी नव्हे. सेझान, गोगँ यांच्यानंतरच्या वळणाचं तिचं काम. पण सावळ्या कातडीची, युरोपात राहूनही परकी समजली जाणारी मुलगी रंगवताना चित्रकर्ती स्वतः निम्मी हिंदुस्थानी होती. हा योगायोग आम्हाला साधा वाटत नाही. ‘झेबेगेनीची जिप्सी मुलगी’ हे त्या चित्राचं नाव. इथंही गाव आहे, मुलीचं नाव नाही.

त्यानंतर बाराच वर्षांनी, २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री, ऑशविट्झमधली रोमा लोकांची छावणी रिकामी केली गेली. चार हजारांवर माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त, त्या एका रात्रीत मारली गेली. १९३२ चं चित्र बघताना ही तारीख विसरता येत नाही.

शेरगिल १९३४ च्या अखेरीस भारतात परतली. १९३६ च्या शेवटी मुंबईत तिचं प्रदर्शन झालं, मग ती अजिंठा-वेरूळला आली. तेव्हा ती निजामाच्या मुलखात होती. आपला बीड जिल्हा त्याच राज्यात, आणि जुन्या कागदांत आपल्या गावाचं नाव मंजलेगाव असं येतं. १९३७ साली तिची गाजलेली तीन चित्रं झाली, ती मात्र दक्षिणेकडच्या माणसांची. मराठवाड्यातला तांडा काही तिच्या कॅनव्हासवर आला नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण सभांमधून सर्रास ऐकू येतं की रोमा म्हणजे आपले बंजारेच. भाषा काय सांगते? रोमा लोकांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’, केसाला ‘बाल’ म्हणतात. एक ते पाच आकडे ‘येक, दुई, त्रिन, श्तार, पांज’. मूळ हिंदुस्थानातलं, यात शंका नाही. पण सात, आठ, नऊ हे आकडे ग्रीक आहेत! म्हणजे ही मंडळी हजारेक वर्षांपूर्वी निघाली आणि ग्रीक बोलणाऱ्या मुलखात बराच काळ राहिली. गोरबोली राजस्थानीच्या जवळची, तिचा प्रवास वेगळा. नातं लांबचं आहे, सख्ख्या बहिणीचं नाही. दोघींवर जगानं लावलेली नजर मात्र सारखी.

आपल्याकडे ती नजर चित्रकाराच्या आधी पोलिसाची होती. बंजाऱ्यांवरचं एक जुनं इंग्रजी टिपण १८८२ चं आहे, कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याचं. तो वऱ्हाडातल्या वणी भागाचा पोलीस अधिकारी! बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून नेण्याची जी लदेणी, तिच्यावर सैन्यं जगली होती. आगगाडी आली आणि तो धंदा बसला. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गाडी १९०० च्या सुमारास सुरू झाली. लदेणी गेल्यावर फिरणारा माणूस सरकारला संशयित दिसू लागला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. आज तोच समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. सीमा ओलांडली की माणूस बदलतो म्हणे!

आणि चित्रांत काय येतं? फेटिया, कांचळी, आरशांचं काम, केसांतल्या चांदीच्या घुगऱ्या, दंडभर बलिया. ते सुंदरच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण आज तांड्यावर हा वेश बहुतेक म्हाताऱ्या बायकांच्याच अंगावर उरलाय. त्यांच्या सुना साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून पहाटे फडात उतरतात. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, उचल दोघांची मिळून. डोक्यावर उसाची मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई, मागे पहाटेचं धुकं. दृक्‌प्रत्ययवाद्यांना हवा असतो तो उजेड नेमका तिथं असतो. तसं चित्र दिवाणखान्यात टांगलेलं आम्ही तरी पाहिलं नाही.

व्याख्यानाच्या तयारीत आम्ही जवळच्या एका तांड्यावर गेलो होतो. तिथल्या एका म्हाताऱ्या याडीला मोबाईलवर व्हॅन गॉगचं १८८८ चं चित्र दाखवलं. आर्लजवळचा जिप्सींचा मुक्काम, उभ्या केलेल्या गाड्या, घोडे, थोडी माणसं. कोणी काढलं, किती किमतीचं, हे तिनं विचारलं नाही. फोन डोळ्यांजवळ धरून म्हणाली, “मुक्काम टाकलाय व्हय? मग चूल कुठल्या अंगाला मांडली? आन् पाणी किती लांब?”

आम्ही चित्र बोटांनी मोठं करून बघत बसलो.