अतिसंवाहकांतील चुंबकी चढउतार : अनुस्पंदनाने अभ्यास

अणुकेंद्रीय चुंबकी अनुस्पंदनाने (एनएमआर) अतिसंवाहकातील इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वाची चलबिचल अजमावण्याची पद्धत. मोठ्या चुंबकी क्षेत्रातील नमुन्याला रेडिओ-तरंगांचा ठोका दिला की अणुकेंद्रे समतोलातून ढळतात. ती पूर्ववत व्हायला लागणारा वेळ म्हणजे शिथिलन-काल. साध्या धातूत हा काल व निरपेक्ष तापमान यांचा गुणाकार स्थिर राहतो (कोरिंगा-नियम). तापमान उतरताना हा गुणाकार घटू लागला, तर चुंबकी चढउतारांचा संशय घेतात.

भारतातील आरंभ : एस. एस. धर्मट्टी यांनी स्टॅनफर्ड येथे आर्नल्ड व पॅकार्ड यांच्यासह १९५१ मध्ये एथिल अल्कोहॉलातील हायड्रोजनाचे तीन वेगळे संकेत दाखवले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी अनुस्पंदनाचा गट उभारला. आर. विजयराघवन याच परंपरेतले.

बोरोकार्बाइडे : इट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता आढळल्याचे आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, विजयराघवन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये याच संस्थेतून जाहीर केले. शुद्ध प्रावस्थेचे संक्रमण-तापमान सुमारे १५ केल्विन. निकेलसारखे चुंबकी मूलद्रव्य असूनही हे घडावे, म्हणून कुतूहल मोठे. निकेललाच विचारावे तर अडचण : अनुस्पंदनाला उपयोगी निकेल-६१ निसर्गात जेमतेम १.१ टक्का. बोरॉन-११ मात्र सुमारे ८० टक्के. त्यामुळे शेजाऱ्याची साक्ष काढावी लागली. ती साक्ष कोरिंगा-नियमापासून ढळलेली निघाली. काहींनी त्यात निकेलवरील प्रतिलोहचुंबकी चढउतार वाचले, काहींनी ऊर्जापातळ्यांच्या घनतेतील बारकावा. संक्रमणाच्या लगेच खाली शिथिलनाच्या वेगात दिसायला हवे त्या हेबेल-स्लिक्टर शिखराबाबतही निष्कर्ष जुळत नाहीत. प्रस्तुत नोंदकर्त्यास केवळ बोरॉनवरून निकेलचा निवाडा करणे घाईचे वाटते.

नमुना : रेडिओ-तरंग धातूत फार खोल जात नाहीत, म्हणून भुकटी वापरतात.

ताम्र-ऑक्साइडे : या अतिसंवाहकांत तांब्याच्या केंद्रांचे शिथिलन वेगवान, ऑक्सिजनचे त्या मानाने शांत. दोन तांब्यांच्या मधोमध बसलेल्या ऑक्सिजनावर त्यांची परस्परविरुद्ध क्षेत्रे एकमेकांना खोडतात, असे स्पष्टीकरण दिले जाते. ऑक्सिजन-१७ निसर्गात अवघा ०.०४ टक्के असल्याने नमुना मुद्दाम समृद्ध करावा लागतो.