शब्दांवाचूनची तबकडी

आमच्या कडोदऱ्यात कापडाच्या कारखान्यांत मराठी, ओडिया, हिंदी कानी पडते. गाणे म्हटले की ज्याचे त्याचे वेगळे. म्हणून मला १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ मोलाची वाटते. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मिरी मेंढपाळाचा दिवस अहिरभैरवापासून रागारागांतून उलगडतो, गायक नाही. संतूर नि गिटार तेव्हा रागदारीत नवखी होती. त्यांवर विश्वास टाकणारे एचएमव्हीचे निर्माते कोण? ‘शीळ’ गाऊन मराठी भावगीत घरोघरी नेणारे जी. एन. जोशी! पुढे शिव-हरींनी ‘सिलसिला’ला (१९८१) संगीत दिले. ही तबकडी मात्र आमच्या वस्तीत लावली, तर अर्थ कोणालाच विचारावा लागत नाही.