नऊजणींतील एक

खेळांतील पारितोषिकांचा इतिहास हा आमच्याकडे अभ्यासाचा विषय मानला जात नाहीं. राजांच्या बिरुदांविषयीं, पंडितांच्या दक्षिणेविषयीं, गवयांच्या बिदागीविषयीं आमचे संशोधक आस्थेनें लिहितात; परंतु मैदानावर धांवणाऱ्या मुलीच्या हातीं जें पदक पडतें तें कोणीं सुरू केलें, कोणाच्या नांवानें दिलें, आणि कोणत्या वर्षीं तें दिलेंच गेलें नाहीं, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. वस्तुतः एखाद्या समाजानें आपल्या मुलींच्या अंगच्या गुणांची किंमत केव्हां व कशी ओळखली, ह्याचा इतका उघड पुरावा दुसरा क्वचितच सांपडेल. म्हणून प्रस्तुत लेखांत दोन खेळांतील श्रेष्ठ स्त्री-खेळाडूच्या सन्मानाचा इतिहास आम्ही शेजारींशेजारीं ठेवून पाहणार आहों. त्यांपैकीं एक अमेरिकेंतील महाविद्यालयीन मुलींचा बास्केटबॉल. दुसरा आमचा खोखो.

बास्केटबॉलचा जन्म १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकाच्या हातून झाला. पुढल्याच वर्षीं जवळच्या स्मिथ महाविद्यालयांत सेंडा बेरेन्सन ह्या व्यायामशिक्षिकेनें तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविला. मात्र तिनें नियम बदलले. मैदानाचे तीन भाग पाडले व प्रत्येकीनें आपल्याच भागांत राहावें असें ठरविलें. दुसरीच्या हातांतून चेंडू हिसकावण्यास मनाई केली. मुलींना अतिश्रम होऊं नयेत हा त्यांतील एक हेतु. पण एकाच चपळ मुलीनें सारा खेळ आपल्याकडे ओढूं नये, सर्वजणींनीं मिळून खेळावें, हा दुसरा हेतुहि तितकाच महत्त्वाचा होता. तात्पर्य, ज्या खेळांत पुढें ‘वर्षांतील श्रेष्ठ खेळाडू’ निवडण्याची एवढी धामधूम माजली, त्याचा स्त्रियांमधील आरंभच मुळीं एकटीच्या श्रेष्ठपणाविषयींच्या संशयानें झाला.

हा संशय पुढें निराळ्या वळणावर गेला. मिसिसिपी संस्थानांतील डेल्टा स्टेट महाविद्यालयांत मार्गारेट वेड नांवाची विद्यार्थिनी संघांतून खेळत असे. १९३२ सालीं महाविद्यालयानें मुलींचा संघच मोडून टाकला. हा खेळ तरुण स्त्रियांस झेपणारा नाहीं, असें कारण देण्यांत आलें. वेडबाईंनीं पुढें शाळांतील मुलींना खेळ शिकविण्यांत आयुष्य घालविलें. १९७२ सालीं शिक्षणांत स्त्रीपुरुषभेद करण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेंत झाला, आणि १९७३ सालीं त्याच महाविद्यालयानें एकेचाळीस वर्षांपूर्वीं मोडलेला संघ पुन्हा उभा केला. तो घडविण्यासाठीं साठीस पोहोंचलेल्या वेडबाईंनाच बोलावणें आलें. त्यांच्या संघानें १९७५, १९७६ व १९७७ अशीं लागोपाठ तीन वर्षें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. त्या संघांतील लुसिया हॅरिस हिनें १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या बास्केटबॉलमधील पहिला गोल केला.

१९७८ सालीं महाविद्यालयांतील श्रेष्ठ स्त्री-खेळाडूसाठीं जें पारितोषिक स्थापन झालें, त्यास वेडबाईंचेंच नांव देण्यांत आलें. पहिलें पारितोषिक कॅरोल ब्लेझॉव्स्की हिला मिळालें. नेस्मिथच्या नांवाचें पारितोषिक पुरुषांना १९६९ पासून मिळत होतें. स्त्रियांच्या वांट्यास तें येण्यास १९८३ साल उजाडावें लागलें. त्यानंतर मात्र यादी तुटली नाहीं. शेरिल मिलर हिनें १९८४ पासून तीन वर्षें तें पटकावलें. २०२३ व २०२४ सालीं तें केटलिन क्लार्क हिनें मिळविलें, तेव्हां तिच्या नांवाचा डंका खेळांत रस नसलेल्या घरांतूनहि वाजला. वेडबाईंच्या नांवाचें पारितोषिक ज्या मुलीच्या हातीं पडतें, तिला निदान एवढें तरी कळतें कीं, आपल्या आधीं कोणी एक खेळत होती आणि तिचा खेळ थांबविण्यांत आला होता.

आतां खोखोकडे वळूं. ह्या देशी खेळाला नियमांची शिस्त विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें व बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें लाविली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० सालीं विजयवाडा येथें पुरुषांची झाली; पाठोपाठ १९६०-६१ सालीं कोल्हापुरांत स्त्रियांची झाली. १९६३-६४ च्या इंदूर येथील स्पर्धेंत वैयक्तिक सन्मान सुरू झाले: पुरुषांसाठीं ‘एकलव्य’ व स्त्रियांसाठीं ‘राणी लक्ष्मीबाई’. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. अमेरिकेंत नेस्मिथचें पारितोषिक पुरुषांमागून स्त्रियांपर्यंत येण्यास चौदा वर्षें लागलीं. आमच्या खोखोंत दोन्ही सन्मान एकाच मैदानावर जन्मास आले. आमचा समाज स्त्रियांच्या बाबतींत सर्वत्र मागासलेला होता असें म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

नांवांची निवड मात्र विचार करावयास लावणारी आहे. ज्यास गुरूनें शिष्य म्हणून स्वीकारलें नाहीं त्या एकलव्याचें नांव खेळाडूंच्या संघटनेनें निवडलें, तर सरकारनें १९६१ सालीं जो सन्मान स्थापिला त्यास अर्जुनाचें नांव दिलें. ह्यांतील मर्म भारत वाचणाऱ्यास सांगावयास नको. मुलींसाठीं झांशीची राणी, आणि पुढें वयानें लहान मुलींसाठीं ‘जानकी’ व ‘इला’ अशीं नांवें आलीं. हीं सर्व नांवें वंद्य आहेत. तथापि ह्यांपैकीं कोणीहि पाटीवर बसून ‘खो’ची वाट पाहिलेली नाहीं. आमच्या पारितोषिकांना राण्या व देवी लाभल्या, मार्गारेट वेड लाभली नाहीं. त्यामुळें पदक मिळविणाऱ्या मुलीस पुराण आठवतें. आपल्याच खेळांतील पूर्वीची बाई कोण, हें तिला त्या नांवावरून उमगत नाहीं.

सरकारी सन्मानाचा इतिहास आणखी बोलका आहे. खोखोंतील पहिला अर्जुन पुरस्कार १९७० सालीं सुधीर परब ह्यांस मिळाला. लगेच १९७१ सालीं तो अचला देवरे ह्यांस मिळाला. पुढें १९७३ सालीं भावना पारिख, १९७४ सालीं नीलिमा सारोळकर व १९७५ सालीं उषा नगरकर अशीं नांवें येतात. म्हणजे पांच वर्षांत चार स्त्रिया. त्यांत गुजरात व मध्य प्रदेश ह्यांच्या वतीनें खेळणाऱ्या मुलींचीं आडनांवें मराठी दिसतात, हेंहि नवल नव्हे. बडोदें व इंदूर येथें मराठी कुटुंबांबरोबर हा खेळहि रुजला होता. ही परंपरा १९९८ सालीं शोभा नारायण ह्यांच्यापर्यंत आली, आणि तेथें ती खुंटली. त्यानंतर बावीस वर्षें खोखोच्या एकाहि खेळाडूस अर्जुन पुरस्कार मिळाला नाहीं. २०२० सालीं तो धाराशिवच्या सारिका काळे ह्यांस मिळाला. १९९८ मध्यें तो एका स्त्रीच्या नांवापाशीं थांबला होता. २०२० मध्यें एका स्त्रीच्याच नांवानें पुन्हा सुरू झाला.

ह्या बावीस वर्षांत खेळ थांबला होता काय? मुळींच नाहीं. काळे स्वतः त्याच काळांत घडल्या. २०१६ सालीं गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या त्या कर्णधार होत्या. डेल्टा स्टेटमध्यें खेळच मोडला गेला, म्हणून तेथील नांवें नाहींत. आमच्याकडे खेळ चालू राहिला, पण देशाच्या नजरेस येणारी यादी कोरी राहिली. इतिहासकाराच्या दृष्टीनें दोहोंचें फळ एकच. एक पिढी धांवली, पडली, उठली, जिंकली, आणि कागदावर तिची खूण उरली नाहीं. २०२५ च्या जानेवारींत दिल्ली येथें पहिला खोखो विश्वचषक झाला; प्रियांका इंगळे ह्यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मुलींनीं अंतिम सामन्यांत नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. त्या दिवशीं वृत्तपत्रांनीं ह्या खेळाचें भरभरून कौतुक केलें. परंतु ज्यांच्या खांद्यांवर ही पिढी उभी आहे त्यांचीं नांवें त्या कौतुकांत शोधणारास फारशीं सांपडलीं नसतील.

येथें एक शंका कोणी काढील. खोखो हा नऊजणींचा खेळ. त्यांतून एकीस निवडणें हेंच मुळीं अन्यायाचें नाहीं काय? शंका रास्त आहे. बचाव करणारी किती वेळ टिकली हें घड्याळ सांगतें. मारणारीनें किती गडी टिपले हें गुणपत्रक सांगतें. अमुक मुलीनें अडीच मिनिटें पळून तीन गडी बाद केले, असें आपण वर्तमानपत्रांत वाचतों. पण ते तीन गडी ज्या ‘खो’मुळें हातीं आले तो कोणीं दिला? पाठलाग करणारीस मागें वळतां येत नाहीं, मधली पाटी ओलांडतां येत नाहीं. समोरची निसटली कीं योग्य जागीं बसलेल्या मैत्रिणीस नेमक्या क्षणीं खो देणें एवढेंच तिच्या हातीं उरतें. हा क्षण ओळखणें ही ह्या खेळांतील सर्वांत मोठी बुद्धिमत्ता, आणि तिचीच कोठें नोंद होत नाहीं. स्पर्धांतून उत्कृष्ट बचाव व उत्कृष्ट आक्रमण ह्यांसाठीं निराळीं पारितोषिकें असतात, हें उत्तम आहे. उत्कृष्ट खो देणारीस मात्र पारितोषिक असल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. सेंडा बेरेन्सनला जी भीति वाटत होती ती हीच. तथापि तिचा उपाय मुलींस चौकटींत बांधण्याचा होता. आमच्या मतें उपाय नोंद वाढविण्याचा आहे.

हा विचार आम्हांस वऱ्हाडाच्या संदर्भांत विशेष महत्त्वाचा वाटतो. व्यायामाच्या बाबतींत हा प्रांत दरिद्री नाहीं. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं स्थापिलें, आणि १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं त्याच्या पथकानें आमचे देशी खेळ व व्यायाम जगापुढें मांडले. परंतु अकोला जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याकडे असलेल्या तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं एखादी मुलगी खोखो खेळूं लागली, तर तिचा मार्ग कसा असतो तो पाहा. आधीं महाविद्यालयाचा संघ. मग अमरावती विद्यापीठाचा संघ, जें विद्यापीठ १९८३ सालीं स्थापन होण्यापूर्वीं ह्या मुलींना नागपूर विद्यापीठाच्या संघाकडे पाहावें लागे. आणि राष्ट्रीय स्पर्धेंत महाराष्ट्राचा संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा. श्रेष्ठ खेळाडूचा सन्मान स्वाभाविकपणें अंतिम सामना गाजविणारीकडे जातो. ज्या संघास तेथवर पोहोंचणें कठीण, त्यांतील मुलगी कितीहि गुणी असली तरी त्या यादींत येणें दुर्घट. तिच्या गुणाची साक्ष तिच्या गांवाबाहेर कोणी ठेवीत नाहीं. आणि गांवानें ठेविली नाहीं तर ती कोठेंच उरत नाहीं.

पारितोषिकें नसावीं असें आम्ही म्हणत नाहीं. लक्ष्मीबाईंच्या नांवाचा सन्मान नसता, तर मधल्या बावीस वर्षांतील श्रेष्ठ मुलींस संघटनेच्या दप्तरांतहि जागा मिळाली नसती. आमचें म्हणणें इतकेंच कीं, एकीच्या नांवावर यादी संपूं नये. तेल्हारा, अकोट, दर्यापूर, अचलपूर येथील प्रत्येक महाविद्यालयानें दरवर्षीं आपल्या संघांतील बाराही मुलींचीं नांवें, त्यांचीं गांवें आणि त्या खेळलेल्या सामन्यांचे निकाल एका वहींत लिहून ठेवावे. भिंतीवर एक फळा लावून त्यावर तीं नांवें रंगवावीं. ह्यास सरकारी अनुदान लागत नाहीं, संघटनेची संमति लागत नाहीं. शाईची एक दौत व वर्षाकाठीं एक दुपार पुरे. आणि ज्यांच्या घरीं आई, मावशी किंवा आत्या कधीं काळीं महाविद्यालयाच्या संघांतून खेळली असेल, त्या वाचकांनीं तिला सालासह संघांतील सोबतिणींचीं नांवें विचारून घ्यावीं. वहीचीं मागचीं पानें भरावयाचीं आहेत, आणि तीं सांगूं शकणाऱ्या बाया अजून आपल्यांत आहेत.