माहीमचा बुधवार आणि केडगावचा मळा

गावातली एखादी मुलगी कामाला म्हणून गेली आणि परत आलीच नाही, अशी गोष्ट आपल्यापैकी बऱ्याचजणींनी ऐकलेली असते. मुलींचा हा व्यापार जुना आहे, आणि त्याच्याशी झगडणाऱ्यांची गोष्टही जुनीच आहे, पण ती फारशी सांगितली जात नाही. आज आम्ही ती सांगणार आहोत. सुरुवात मुंबईच्या माहीमपासून करू.

पश्चिम रेल्वेनं दादर सोडलं की माटुंगा रोड आणि मग माहीम. इथं मखदूम बाबांचा दर्गा आहे, शितळादेवीचं देऊळ आहे आणि सेंट मायकल चर्च आहे. हे चर्च पोर्तुगीजांच्या काळातलं, आजची इमारत मात्र 1973ची. दर बुधवारी इथं नोव्हेना म्हणजे मारिया मातेची प्रार्थना असते. 1948 पासून ती चालू आहे. इंग्रजी, कोंकणी, मराठी, हिंदी अशा भाषांत दिवसभर प्रार्थना होतात आणि रांगेत सगळ्या धर्मांच्या बाया असतात. घर हवं असेल तर मेणाचं घर वाहायचं, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ. आपल्याकडे नवसाला पाळणा बांधतात, तसंच हे.

याच माहीममध्ये कनोसा कॉन्व्हेंट शाळा आहे. ती चालवणाऱ्या कनोसियन सिस्टरांचा संघ 1808 साली इटलीत सुरू झाला. त्याच संघात पुढं एक सिस्टर होऊन गेली, तिचं नाव बखिता. आफ्रिकेतल्या सुदानमधल्या दारफूरची ही मुलगी. लहानपणीच तिला शेताजवळून पळवलं आणि बाजारात पुन्हा पुन्हा विकलं. भीतीनं ती स्वतःचं नावसुद्धा विसरली. 'बखिता' हे नाव तिला पळवणाऱ्यांनी दिलं, आणि त्याचा अर्थ काय, तर 'नशीबवान'! शेवटी एका इटालियन कुटुंबाबरोबर ती इटलीत आली. त्या घरची मालकीण तिला परत आफ्रिकेला न्यायला निघाली, तेव्हा बखिता सिस्टरांच्या घरात होती. ती म्हणाली, मी येणार नाही. प्रकरण कोर्टात गेलं. 29 नोव्हेंबर 1889 रोजी व्हेनिसमध्ये निकाल लागला, की ही बाई कुणाची गुलाम नाही. ती सिस्टर झाली आणि 8 फेब्रुवारी 1947 रोजी वारली. 2000 साली तिला संतपद मिळालं. 2015 पासून तिच्या पुण्यतिथीला, 8 फेब्रुवारीला, जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये माणसांच्या व्यापाराविरुद्ध प्रार्थना होते.

आता एक कडू गोष्ट. प्रार्थना करणारे सगळे गुलामीच्या विरोधात होते, असं अजिबात नाही. पोर्तुगीजांच्या घरांत गुलाम असत आणि ती घरं रविवारी चर्चलाही जात. म्हणून कोण किती प्रार्थना करतं यापेक्षा प्रार्थनेहून उठल्यावर कोण कुठं गेलं, ते आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

काहीजण नाशिकला गेले. त्या काळी अरब गलबतांतून आफ्रिकेतली पोरं विकायला नेत. इंग्रजांचं आरमार समुद्रात ती गलबतं अडवी आणि सुटलेल्या पोरांना मुंबई बंदरात उतरवी. पण सोडवलेल्या पोराचं पुढं काय करायचं? आईबाप कुठं आहेत ते ठाऊक नाही, भाषा कुणाला कळत नाही. नाशिकजवळ शरणपूर नावाची ख्रिस्ती वस्ती होती, मिशनरी प्राइस यांनी वसवलेली. तिथं या पोरांना ठेवलं, लिहायला-वाचायला शिकवलं, सुतारकी-लोहारकी शिकवली. त्यातला जेकब वेनराइट पुढं आफ्रिकेत डॉक्टर लिव्हिंगस्टन यांच्या सोबत होता. लिव्हिंगस्टन वारल्यावर त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि 1874 साली लंडनला अंत्यविधीलाही हजर होता. 1875 साली मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन हे गाव वसलं, तेव्हा शरणपुरात वाढलेली माणसं मदतीला तिकडं गेली. 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत त्यांना.

पण आपल्या घराजवळची गोष्ट आहे ती पंडिता रमाबाईंची. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात अन्नावाचून गेले होते. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडं गेल्या. सरकारी अन्नछत्रांत त्यांनी जे पाहिलं, ते लिहून ठेवलं आहे. भुकेल्या तरुण मुलींच्या शोधात तिथं वाईट माणसं फिरत होती, त्यांत बायकाही होत्या. लाडू-मिठाई दाखवायची, चांगल्या कपड्यांचं आमिष दाखवायचं, चल माझ्याबरोबर म्हणायचं.

रमाबाईंचं मोठेपण आम्हाला इथं दिसतं. दलाल जिथं उभा होता तिथंच त्या जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्याच्या आधी. मुलगी विकली गेल्यावर सोडवणं फार अवघड असतं, हे त्यांनी ओळखलं होतं. तीनशेच्या आसपास मुली आणायच्या असं मनात धरून त्यांनी हे काम हाती घेतलं. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता, शहरात इतक्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. मग दौंडच्या अलीकडे केडगावला त्यांचा मळा होता, तिथं झोपड्या-तंबू उभे राहिले. तेच पुढचं मुक्ती मिशन.

1897 मध्ये पुण्याच्या प्लेगच्या दवाखान्यात बायकांची कशी आबाळ होते, यावरही त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात लिहिलं. सरकारला ते झोंबलं. 1900 साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथूनही मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना नुसतं जेवू घालायचं म्हटलं तरी छाती दडपते! मुली शेती करत, विणत, शिवत, दूध काढत, छापखाना चालवत. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन' वेगळं होतं. 1905 साली तिथं पहाटेपासून शेकडो मुली एकत्र प्रार्थनेला बसत. आणि प्रार्थना आटोपली की विहिरीवर, गोठ्यात, मागावर.

रमाबाईंवर टीकाही झाली. दुष्काळातल्या मुलींना ख्रिस्ती केलं, हा आक्षेप तेव्हा होता, आजही आहे. भुकेल्या माणसाला धर्म निवडायची मोकळीक कितपत असते, हा प्रश्न आम्हाला खोटा वाटत नाही. पण त्या अन्नछत्राच्या दारात दलाल होता आणि रमाबाई होत्या, तिसरं फारसं कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

नुसतं सोडवून भागत नाही, याचा दाखला मुंबईतच आहे. फेब्रुवारी 1996 मध्ये कामाठीपुऱ्यात पोलिसांनी छापे घातले आणि चारशेहून जास्त मुली बाहेर काढल्या. बऱ्याच नेपाळच्या होत्या. सरकारी वसतिगृहांत जागा पुरेना, मुली आजारी, त्यांना परत न्यायला महिनोन्‌महिने गेले. केडगावला आधी मळा होता, मग मुली आल्या. इथं उलटं झालं.

आजचा दलाल लाडू दाखवत नाही. मुंबईत घरकामाची नोकरी दाखवतो, ऊसतोडीची उचल देतो, हुंडा नको म्हणत लांबच्या राज्यातलं स्थळ आणतो. आणि बहुतेक वेळा तो ओळखीचाच असतो. म्हणून गटाच्या बैठकीत एवढं विचारून घ्या: मुलगी कुठल्या गावाला, कुणाच्या घरी चालली आहे, तिथला पत्ता आणि फोन कुणाकडे आहे, आपल्यातलं कुणी ते घर पाहून आलं आहे का. स्थळ असेल तर लग्नाची नोंदणी होणार आहे का.

अठरा वर्षांखालचं मूल हरवलं, तर पोलिसांनी पळवून नेल्याचा गुन्हा नोंदवायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली सांगितलं आहे. 'दोन दिवस वाट पाहा' असं कुणी म्हणालं, तर ठाण्यातून उठू नका. हद्द आमची नाही म्हणाले, तरी तक्रार तिथंच घ्यावी लागते, पुढं पाठवायची जबाबदारी त्यांची. मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181, तातडीला 112. हे तीन आकडे गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि मुलीचा एक अलीकडचा फोटो घरात ठेवा. ठाण्यात पहिल्यांदा तोच मागतात.